वही भरत आली, तरी घर कितीला पडणार ते कळेना

पत्र:

ताई, नमस्कार. कऱ्हाड तालुक्यात आमच्या गावी सासऱ्यांच्या जागेत घर बांधायला काढलंय. तळमजलाच, १,०५० स्क्वेअर फूट. मागच्या वर्षी जूनमध्ये (२०२५) कॉन्ट्रॅक्टरने मालासकट १,७५० रुपये फूट सांगितलं, म्हणजे १८ लाख ३७ हजार ५००. एका कागदावर लिहून सह्या झाल्या. आम्ही साडेअठरा लाखांची जुळणी केली. बँकेचं १२ लाख लोन, आमचे साठवलेले साडेचार, आणि मामांनी (सासऱ्यांनी) दोन दिले. आता स्लॅब झाला, वीटकाम झालं, आतलं प्लॅस्टर निम्मं झालंय. कॉन्ट्रॅक्टरला १२ लाख ६० हजार गेले. शिवाय बोअर ७२ हजार, रस्ता उंच झाला म्हणून जोतं एक फूट वाढवलं त्याचे ४८ हजार, नकाशा-परवानगीचे ३० हजार, मेनदाराच्या सुताराला उचल १० हजार. सगळे मिळून १४ लाख २० हजार. मी एकूणएक रुपया वहीत लिहिलाय. गेल्या आठवड्यात कॉन्ट्रॅक्टर म्हणाला की पोर्च, जिन्यावरची खोली, छज्जे धरून बांधकाम १,२९० फूट भरतंय, वर सिमेंट-स्टील महाग झालंय, अजून दहा लाख लागतील. आमच्या हातात १ लाख ३० हजार आहेत आणि बँकेचे ३ लाख यायचेत. आलेल्या ९ लाखांवर साडेआठ टक्क्याने व्याज चालू आहे, भाड्याच्या खोलीचे महिना ४,५०० चालू आहेत. हे पुण्याला कंपनीत असतात, शनिवारी येतात, म्हणतात सरकारचे पण अंदाज चुकतात, गोसीखुर्द धरणाचं बघ. भाऊजींनी हिशोब मागितला, मी वही दाखवली, तर म्हणाले ही ठीक आहे वहिनी, पण अजून किती ते सांगा. ते मला सांगता येईना, तिथंच रडू आलं. काम थांबवू का? सोनं ठेवू का? माझं कुठं चुकलं?

उत्तर:

ताई, आधी एक सांगते, तुमची वही चांगली आहे. मी २२ वर्षं कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसात बिलिंगचं काम केलंय, घर बांधणाऱ्या शंभरातल्या नव्वद जणांकडं अशी वही नसते, पावत्या डब्यात नाहीतर गाडीच्या डिकीत असतात. पण भाऊजींनी जे विचारलं ते बरोबर विचारलं, आणि तुमच्या वहीत त्याचं उत्तर सापडणार नाही, कारण ती गेलेल्या पैशाची वही आहे. घर कितीला पडणार हे कळायला तीन आकडे लागतात. दिलेले किती, शब्द देऊन बसलोय पण अजून दिले नाहीत असे किती, आणि राहिलेल्या कामाला आजच्या भावाने किती. पहिला आकडा तुमच्याकडं पैशासकट आहे. दुसरा अर्धामुर्धा आहे, तिसरा अजिबातच नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. आमच्या आप्पांनी घर बांधलं तेव्हा त्यांची पण अशीच लाल पुठ्ठ्याची वही होती, खिळे पाव किलो, सुतळी एक बंडल, सगळं तारीखवार. आणि तरी आमचं घर बाहेरच्या प्लॅस्टरला येऊन दोन पावसाळे उघडं राहिलं. उत्तरेकडच्या भिंतीच्या विटा हिरव्या झालेल्या मला अजून दिसतात, आई खराट्याने शेवाळ काढायची आणि आतल्या बाजूला ओल उतरायची ती उतरायचीच. आप्पा वही उघडून बसायचे आणि पुन्हा पुन्हा बेरीज करायचे, बेरीज बरोबरच यायची. पुढं किती लागणार ते कुणी मांडलंच नव्हतं. म्हणून तुमचं पत्र वाचून मी दुसरी पत्रं बाजूला ठेवली.

आता दुसऱ्या आकड्याचं उदाहरण तुमच्याच पत्रातलं. सुताराला १० हजार उचल दिली असं तुम्ही लिहिलंय, दार कितीला ठरलंय ते लिहिलं नाही. समजा सागवानी चौकट-दार मिळून ३८ हजाराला ठरलंय. तुमच्या वहीत ते दार १० हजाराचं दिसतंय, आणि ज्या दिवशी सुतार दार घेऊन येईल त्या दिवशी २८ हजार एकदम उगवल्यासारखे वाटतील, पण ते उगवलेले नसतील, तुम्ही शब्द दिला त्याच दिवशी ते खर्च झालेत. तेव्हा वहीच्या डाव्या पानावर आजपासून हे लिहा, कुणाला काय सांगितलंय, कितीला ठरलंय, दिलेत किती, द्यायचे किती. ग्रीलवाला, इलेक्ट्रिशियन, बोअरची मोटर बसवणारा, सगळे. तोंडी ठरलं असेल तरी लिहा.

मग दहा लाखाचं बघू, कारण तुमची झोप त्याने उडालीय. कॉन्ट्रॅक्टरचा आकडा कुठून आला ते मी काढून बघितलं. १,२९० गुणिले १,७५० म्हणजे २२ लाख ५७ हजार ५००, त्यातनं दिलेले १२ लाख ६० वजा केले की ९ लाख ९७ हजार ५०० राहतात. म्हणजे त्यांचे दहा लाख अख्खेच्या अख्खे मापातून आलेत, सिमेंट-स्टील महाग झाल्याचा त्यात एक रुपया नाही. ते नुसतं तोंडी लावायला सांगितलंय, किंवा उद्या वेगळं मागणार असतील.

महागाईचा हिशोब पण करून टाकू म्हणजे उद्या कुणी ते पुढं केलं तर तुम्हाला बोलता येईल. साध्या आरसीसी घराला फुटाला ०.४ बॅग सिमेंट आणि साडेतीन ते चार किलो स्टील असा ठोकताळा आम्ही धरतो. १,०५० फुटाला ४२० बॅगा आणि ४,२०० किलो स्टील झालं. आता बॅगेमागं ४० रुपये आणि किलोमागं ५ रुपये वाढले असं धरा, म्हणजे भरपूर धरले, तरी सिमेंटचे १६,८०० आणि स्टीलचे २१,०००, मिळून ३७,८००. चार लाखांची वाढ यातनं निघतच नाही. आणि सिमेंटवरचा जीएसटी तर २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ टक्क्यांवरून १८ वर आलाय, तुमचा रेट जूनमधला आहे, म्हणजे तो ठरला तेव्हा जुना कर धरलेला होता आणि मोठा स्लॅब झाला तो दिवाळीनंतर झाला असेल तर कमी कराचं सिमेंट वापरलं गेलंय. महाग झालं म्हणत असतील तर तारखेची बिलं दाखवा म्हणावं, शांतपणे म्हणावं. आणि मालासकट रेट ठरवला याचा अर्थच मालाच्या भावाची जोखीम त्यांची, कागदावर वाढीचं वेगळं कलम लिहिलेलं नसेल तर.

आता माप. २४० फूट वाढले म्हणतायत, त्याचे ४ लाख २० हजार होतात. माझा अंदाज, जिन्यावरची खोली ९०, पोर्च ११० आणि छज्जे ४० असे धरले असतील. तुम्ही काय करा, येत्या रविवारी यजमान असताना कॉन्ट्रॅक्टरला साइटवर बोलवा, टेप घेऊन तिघांनी मिळून माप घ्या, एकाने टेप धरायचा, एकाने वाचायचं, तुम्ही लिहायचं, आणि कागदावर तिघांच्या सह्या. सरकारी कामात याला जॉइंट मेजरमेंट म्हणतात, घराच्या कामाला ते कुणी करत नाही म्हणून एवढी भांडणं होतात. मापाच्या आधी नकाशा काढून ठेवा, मंजूर नकाशाच्या कोपऱ्यात एरिया स्टेटमेंट, म्हणजे क्षेत्रफळाचा तक्ता असतो, त्यात पोर्च आणि जिना कुठं आणि किती धरलाय ते वाचा. रेट ठरला त्या दिवशी हाच नकाशा त्यांच्यासमोर होता का, हा मुख्य मुद्दा आहे. होता आणि त्यात पोर्च आणि जिन्यावरची खोली दिसत होती तर १,०५० चा आकडा त्यांनी बघूनच सही केलीय, मग तुमची बाजू भक्कम.

तरी मी तुम्हाला सगळंच नाकारा असं सांगणार नाही. त्या माणसाने पोर्चचा स्लॅब टाकलाय, वर खोली बांधलीय, त्यात माल-मजुरी गेलीय, आणि राहिलेलं काम त्यालाच करायचंय. छज्ज्यांचे पैसे देऊ नका, ते लिंटेलचाच (दार-खिडकीवरच्या आडव्या पट्टीचा) भाग. पोर्चला अर्धा रेट बऱ्याच ठिकाणी चालतो कारण तिथं भिंती नाहीत, म्हणजे ११० गुणिले ८७५, ९६ हजार २५० झाले. जिन्यावरच्या खोलीत फरशी नाही, नळ नाही, बाथरूम नाही, तिला हजार रुपयाने धरा, ९० हजार. म्हणजे वाढीव १ लाख ८६ हजार २५०. ठेका एकूण २० लाख २३ हजार ७५० ला बसतो आणि त्यातले १२ लाख ६० गेलेत, राहिले ७ लाख ६३ हजार ७५०. दहा लाखाच्या जागी हा आकडा धरून बोलणी करा, थोडं इकडंतिकडं होईल.

(जोत्याचे ४८ हजार मला फार खटकले नाहीत. एक फूट उंची म्हणजे १,०५० घनफूट, शंभर घनफुटाचा एक ब्रास धरून साडेदहा ब्रास, मुरूम दाबून बसतो त्यामुळं बारा-तेरा ब्रास आणावा लागतोच, शिवाय जोत्याच्या भिंतीचं एक फूट काम आलं. तुमच्याकडं मुरमाचा ट्रिपचा जो दर असेल त्याने गुणून बघा, ट्रिपच्या पावत्या असल्या तर मोजा.)

आता एक गोष्ट जी तुम्ही विचारली नाही पण मला सगळ्यात जास्त काळजी तिचीच वाटतीय. मूळ ठेक्यातले शंभरातले जवळजवळ ६९ रुपये कॉन्ट्रॅक्टरला गेलेत. काम किती झालंय? पाया, जोतं, कॉलम, स्लॅब, वीटकाम, निम्मं आतलं प्लॅस्टर. माझ्या अनुभवात इथपर्यंत शंभरातले ५५ च्या आसपास होतात, कारण फरशी, बाथरूमच्या टाइल्स, दारं-खिडक्या, वायरिंग, प्लंबिंग, रंग हे सगळं महागडं काम अजून यायचंय. स्लॅब पडला की लोकांना वाटतं घर झालंच, तसं नसतं. म्हणजे मूळ ठेक्याने अडीच लाख आणि वाढीव धरलं तरी जवळजवळ दीड लाख रुपये कामाच्या पुढं गेलेत. कॉन्ट्रॅक्टर वाईट आहे असं मी म्हणत नाही, पण त्याचे चार साइट चालू असतात, आणि ज्या साइटवर त्याचे पैसे कमी राहिलेत आणि काम जास्त राहिलंय तिथली माणसं तो आधी उचलतो. आज गवंडी दिसतोय, उद्या एक बिगारी, परवा कुणीच नाही. तेव्हा पुढचा पैसा तारखेवर द्यायचा नाही, कामावर द्यायचा. आतलं-बाहेरचं प्लॅस्टर पूर्ण झालं की इतके, फरशी-टाइल्स झाल्या की इतके, वायरिंग-प्लंबिंगची टेस्टिंग झाली की इतके, असे टप्पे त्याच कागदाच्या मागं लिहून घ्या, आणि शेवटचे ५० हजार पहिला पाऊस बघून द्या, स्लॅब आणि बाथरूम कुठं गळत नाही ना ते बघून. हे शेवटचं मान्य करायला ते कुरकुर करतील, तुम्ही मागं सरकू नका.

तिसरा आकडा, राहिलेल्या कामाचा, हा बसल्या जागी निघत नाही ताई, घरात उभं राहून काढावा लागतो. एका खोलीत जा, चारी भिंतींकडं बघा आणि स्वतःला विचारा, मी इथं राहायला येईन त्या दिवशी इथं काय काय असेल? सुचेल ते लिहा. बटणं, पंख्याचा हूक, खिडकीची काच, ग्रील, कडाप्पा का मार्बलची पट्टी, पडद्याचा रॉड सुद्धा. मग पुढची खोली. मग जिना, गच्ची, मागची मोरी, अंगण. एक तास लागेल. हे ठेक्यात आहे का बाहेर ते प्रत्येकापुढं लिहा आणि जिथं माहीत नाही तिथं प्रश्नचिन्ह टाका, आणि ही प्रश्नचिन्हं रविवारी कॉन्ट्रॅक्टरला एकेक करून विचारा. किचन ओटा ग्रॅनाइटचा का कडाप्प्याचा, सिंक कुणाचं, नळ कुठल्या कंपनीचे, पुट्टी आहे का नुसता रंग, शौचालयाची सेप्टिक टाकी कुणाकडं, वरची पाण्याची टाकी किती लिटरची आणि कुणाची. मालासकट म्हणलं की आपल्याला वाटतं सगळं आलं, पण त्यांच्या मनातला माल आणि आपल्या मनातला माल यात दीड-दोन लाखाचं अंतर सहज असतं.

मापं कशी काढायची ते दोन कामांचं दाखवते, बाकीची तशीच. तुमची १० बाय १२ ची खोली धरा, उंची १० फूट. चारी भिंतींची लांबी ४४ फूट, गुणिले १०, म्हणजे ४४० फूट, वर छताचे १२०, झाले ५६०. एक दार ३ बाय ७ आणि एक खिडकी ४ बाय ४ वजा केली की ५२३, म्हणजे सव्वापाच ब्रास प्लॅस्टर, इथं ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट. गवंडी ब्रासनेच बोलतो, तुम्हाला पण ब्रासने बोलता आलं की त्याचा आवाज बदलतो. दुसरं फरशीचं, १,०५० बांधकामात भिंती सोडून साधारण ८८० फूट फरशीची जागा निघते. कटिंग आणि फुटीला ८ टक्के जास्त धरा, ९५० झाले. दोन बाय दोनच्या टाइल्सच्या चारच्या बॉक्समध्ये साडेपंधरा फूट बसतात, म्हणजे ६२ बॉक्स. स्कर्टिंग याच टाइल कापून करणार असाल तर त्याचे बॉक्स वरून. आता दुकानात जाऊन ४५ ची टाइल का ६० ची टाइल हे बघताना फुटामागं १५ रुपयांचा फरक ९५० ला गुणायचा, १४ हजार २५०. दुकानात उभं राहून "पंधरा रुपयांनी काय होतंय" असं सगळेच म्हणतात.

आणि जे खर्च बांधकामाचे वाटतच नाहीत ते. नवीन मीटरचं कनेक्शन, सर्व्हिस वायर. पाणी मारायला टँकर लागत असेल तर तो. स्लॅबच्या दिवशी मजुरांना जेवण दिलं असेल, ते तुमच्या वहीत नाही, घरखर्चात गेलंय बहुतेक. वास्तुशांत. अख्खं गाव जेवायला येणार, मामांना ते कमी करता येणार नाही, मग ते आत्ताच धरा, लपवू नका. आणि महिना. महिना हा पण खर्च आहे. खोलीभाडं ४,५०० आणि ९ लाखावर साडेआठ टक्क्याने महिन्याचं व्याज ६,३७५, म्हणजे दर महिन्याला १० हजार ८७५ रुपये एक वीट न चढता जातात. म्हणून काम थांबवू का याचं माझं उत्तर, थांबवू नका. पुढचा हप्ता थांबवा, माप आणि टप्पे लिहून होईपर्यंत, चार दिवस, फार तर आठ. चिडून दोन महिने काम बंद पाडलं तर कॉन्ट्रॅक्टरचं काही जात नाही, तुमचे २२ हजार जातात आणि बाहेरचं प्लॅस्टर पावसात सापडतं.

सगळं एका ठिकाणी मांडते. ठेक्याचे राहिलेले ७ लाख ६३ हजार ७५०. दाराचे २८ हजार. ठेक्याबाहेरचं, सेप्टिक टाकी, ग्रील, मीटर, मोटर, वास्तुशांत धरून समजा १ लाख ४० हजार, हा आकडा तुम्ही यादी केल्यावर बदलायचाय. चार महिने धरले तर भाडं-व्याजाचे ४३ हजार ५००. बेरीज ९ लाख ७५ हजार २५०. हातातले आणि बँकेकडून यायचे मिळून ४ लाख ३० हजार. तूट ५ लाख ४५ हजार २५०. मोठी आहे, मला माहितीय. पण आज कळलीय, घर छताखाली आल्यावर आणि पावसाच्या आधी. आमच्या आप्पांना ती पैसे संपले त्या दिवशी कळली.

तूट भरायची कशी. आधी काय पुढं ढकलता येतं ते बघा. बाहेरचा रंग, पोर्चची फरशी, जिन्यावरच्या खोलीचं आतलं प्लॅस्टर, किचन ट्रॉल्या, कंपाउंड ही कामं वर्षभराने केली तरी घराला इजा नाही, आणि जी ठेक्यात आहेत ती ठेक्यातून रक्कम वजा करून लिहून घ्या, नुसतं "नंतर करू" नको. याने लाख-सव्वा लाख कमी होतील असं मला वाटतं. पण काही गोष्टींना हात लावू नका. बाहेरचं प्लॅस्टर, बाथरूमचं वॉटरप्रूफिंग, भिंतीतले वायरिंगचे पाइप, पाण्याच्या लाइनी. हे आज वाचवलं तर उद्या टाइल्स फोडून करावं लागतं, आणि फोडायचे, भरायचे, परत बसवायचे असे तिप्पट जातात.

राहिलेल्या सव्वाचार-साडेचार लाखासाठी बँकेत जा, सोन्याच्या आधी. तुमच्या इंजिनियरकडून सुधारित एस्टिमेट घ्या, झालेलं काम आणि राहिलेलं काम वेगळं दाखवलेलं, फोटो लावा, आणि टॉप-अप (चालू लोनवर जादा लोन) किंवा लोन वाढवून मिळेल का ते विचारा. यजमानांच्या पगारात बसत असेल तर बँक विचार करते. साडेआठ टक्क्याने १५ वर्षांसाठी लाखाला महिना ९८५ च्या आसपास हप्ता येतो, साडेचार लाखाला ४,४३० च्या आसपास. तुमचं खोलीभाडं सुटणार आहे ४,५०० चं, त्यात हा बसतो, हे यजमानांना कागदावर दाखवा. सोनं ठेवायचंच झालं तर बँकेत, आणि फक्त लोनचा हप्ता यायला उशीर होतोय तेवढ्या मधल्या दिवसांपुरतं. गावातल्या कुणाकडून तीन टक्के महिन्याने घेऊन टाइल्स बसवू नका ताई, कितीही जवळचा असू दे. महिन्याला तीन टक्के म्हणजे वर्षाला ३६, आणि टाइल्सला तेवढं मोल नाही.

यापुढं साइटवर काही बदल झाला, खिडकी सरकवायची, लॉफ्ट वाढवायचा, काहीही, तर आधी रक्कम मग काम. व्हॉट्सअॅपवर साधा मेसेज टाका, "किचनमध्ये लॉफ्ट वाढवायचा ठरला, मालासकट ६,५०० रुपये, बरोबर आहे ना?" आणि त्यांचं "हो" आल्याशिवाय गवंड्याला सांगायचं नाही. यजमान शनिवारी आले की उत्साहात दोन गोष्टी सुचवून रविवारी रात्री पुण्याला जातात आणि सोमवारी त्याची विटा-वाळू सुरू होते, हे मी लई घरात बघितलंय, त्यांना पण हा नियम लावा.

यजमानांच्या गोसीखुर्दबद्दल. त्यांचं अर्धं बरोबर आहे. १९८३ मध्ये ३७२ कोटींचा अंदाज होता आणि पुढं तो १८ हजार कोटींच्या वर गेला, खरं आहे. पण ते कुणी बरं म्हणून सांगत नाही, तिथल्या शेतकऱ्याने पाण्याची वाट बघण्यात पिढी घालवली. अंदाज चुकतो हे धरूनच चालायचं असतं, सरकारी एस्टिमेटच्या शेवटी सुद्धा कंटिन्जन्सी, म्हणजे अचानक येणाऱ्या खर्चासाठी म्हणून टक्के धरलेले असतात. तुम्ही पण राहिलेल्या कामावर १० टक्के वेगळे धरा, मी वरच्या बेरजेत ते धरलेले नाहीत, आणि ते कुणाला सांगू नका, कॉन्ट्रॅक्टरला तर नाहीच. आणि दर शनिवारी रात्री, दोघं बसून, तिसरा आकडा परत काढायचा. गेल्या शनिवारचा पुसायचा नाही, त्याच्या खाली नवा लिहायचा, म्हणजे तो वर चढतोय का खाली उतरतोय ते दिसतं. काम होत गेलं की उतरायला पाहिजे. दोन शनिवार ओळीने चढला तर कुठंतरी काहीतरी नवीन घुसलंय, ते त्याच रात्री शोधायचं.

माझं कुठं चुकलं असं विचारलंय. रेट ठरवताना फूट कशाकशाचे मोजायचे ते लिहिलं नाही, एवढंच. ते शिकलेल्या इंजिनियर लोकांच्या घरात पण राहून जातं. भाऊजींना रविवारच्या मापाला बोलवा, हिशोब मागणाऱ्या माणसाच्या हातात टेपचं एक टोक दिलेलं बरं असतं.

आणि यादी करताना सेप्टिक टाकी आणि शोषखड्ड्याची जागा बोअरपासून टेपने मोजून बघा, साठ फूट तरी पाहिजे. परसात जागा कमी पडली तर खड्डा पुढं रस्त्याच्या बाजूला घ्यावा लागेल आणि पाइप वाढेल, तो पाइप पण तिसऱ्या आकड्यात धरा.